घैसासांचं कोरं पाणी

घैसासांना जेवायला बोलावलं की आमटी आधी खिडकीशी जाते आणि मग त्यांच्या पोटात, हे मला पहिल्याच शुक्रवारी कळलं. मी वाटी पुढे ठेवली, तर ह्या गृहस्थांनी टेबलावरचा काचेचा पेला ओढला, त्यात थोडी आमटी ओतली आणि उठून उजेडाकडे धरली.

"वहिनी, आमसूल घातलंत?"

"हो."

"तरीच," असं म्हणून ते परत येऊन बसले आणि जेवायला लागले. तरीच म्हणजे काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या नवऱ्याने खाली मान घालून हसू दाबलं. आमची मुग्धा तेव्हा लहान होती आणि इथल्या पोरांसारखी इंग्रजीतच बोलायची. ती सरळ म्हणाली, "आई, इज ही चेकिंग फॉर पॉयझन?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घैसासांना काही वाटलं नाही. "नो बेटा, ओन्ली सवय," म्हणाले आणि पुन्हा भात मागितला.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. शारजाच्या औद्योगिक भागात आमची छोटी कंपनी होती, पुढे पंक्चरवाले पठाण आणि मागे गोदामं. पाण्यात काय मिसळलंय ते उजेडाने ओळखणारी यंत्रं आम्ही कारखान्यांना विकायचो, बसवून द्यायचो आणि बिघडली की शिव्या खायचो. बसवण्याचं काम शरद घैसासांचं, शिव्या खायचं माझं, कारण फोनवर मी बसत असे. ते मूळचे डोंबिवलीचे. बायको आणि कॉलेजातला मुलगा तिकडे, आणि हे शारजातच रोला भागात एका फ्लॅटमध्ये दोन मल्याळी माणसांबरोबर राहायचे. अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट आणि खिशात काच पुसायचं मऊ फडकं, हा त्यांचा बारमाही वेश. त्या फडक्याचा एक त्रास होता. समोरच्याचा चष्मा जरा मळलेला दिसला की ते तो सरळ नाकावरून काढून घ्यायचे, पुसायचे आणि परत चढवायचे. आमचे मॅनेजर मॅथ्यू सर मीटिंगच्या मध्ये असे किती वेळा आंधळे झाले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

यंत्राला ते डोळा म्हणत. हातभर लांबीची स्टीलची नळी, टोकाला बोटभर खाच. खाचेच्या एका अंगाला दिवा, दुसऱ्या अंगाला उजेड मोजणारी काच, आणि मधून पाणी वाहायचं. "प्रत्येक रसायनाची आपली आवड असते वहिनी," ते मला समजावत. "कुणी जांभळा उजेड खातं, कुणी हिरवा. आपण फक्त पलीकडे किती पोचला ते बघायचं. कमी पोचला तर मध्ये कोणीतरी खाल्ला." पण कमी पोचला म्हणायचं तर मुळात किती होता ते माहीत हवं. त्यासाठी ज्यात काहीही नाही असं पाणी डोळ्याला आधी दाखवायचं आणि बटण दाबून सांगायचं की बाबा रे, हे शून्य. धंद्यात त्याला ब्लँक म्हणतात. घैसास त्याला कोरं म्हणायचे, आणि कोऱ्याच्या बाबतीत ते एखाद्या सोवळ्या आजीपेक्षा कडक होते.

दुबईत रास अल खोरला एक रंगांचा व्यापारी होता. त्याचा डोळा महिनाभर उलटसुलट आकडे दाखवत होता आणि तो रोज मला फोन करून "मशीन खराब, खलास, वापस ले जाओ" असं ओरडायचा. घैसास गेले, यंत्राला हातही लावला नाही. कोरं पाणी कुठल्या बाटलीत ठेवता, एवढंच विचारलं. बाटली आणली. त्यांनी हुंगली आणि ती धुणाऱ्या माणसाला जवळ बोलावलं. बिचारा बाटली रोज साबणाने घासून लख्ख करत होता आणि साबण नीट निघत नव्हता. "मशीन बराबर है," घैसास व्यापाऱ्याला म्हणाले. "उजेड झूठ नहीं बोलता. हम उसको गलत सवाल पूछते हैं." त्यांचं हिंदी असंच होतं, निम्मं डोंबिवलीचं. व्यापाऱ्याला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण त्याने ह्यांना खजुराची पेटी दिली आणि ह्यांनी ती बाटली धुणाऱ्याला देऊन टाकली.

माणसांनाही ते कोरं लावायचे. सकाळी मॅथ्यू सर तावातावाने आले की घैसास हात वर करून म्हणायचे, "सर, पाच मिनिट. पहले आप झीरो हो जाओ." आणि सर खरंच पाच मिनिटं गप्प बसायचे. मला सुरुवातीला ह्या सगळ्याची चीड यायची. माझा स्वभाव मुळात उतावळा, आणि हा माणूस चहाचा पेलासुद्धा आरपार बघितल्याशिवाय तोंडाला लावत नसे. पुढे त्यांच्याशिवाय ऑफिस कसं चालेल, असं वाटायला लागलं. माझ्या सख्ख्या दिरापेक्षा मला ते जवळचे होते, हे आज लिहून टाकते.

महादेव गुरवाची ओळख त्यांच्यामुळेच झाली. औद्योगिक भागाच्या पार टोकाला नळांवर आणि मोटारींच्या भागांवर चकाकी चढवायचा एक कारखाना होता. त्या कामातून जे पाणी उरतं त्यात क्रोमियम असतं आणि ते जहर. तिथे ते पाणी औषध घालून साफ करायचे आणि मोठ्या टाकीत साठवायचे. अंगण धुवायला, संडासाला आणि मागच्या कॅम्पमधल्या कामगारांच्या आंघोळीला तेच पाणी. प्यायचं गोडं पाणी टँकरने यायचं. साफ केलेल्या पाण्यात जहर उरलंय का, हे बघायला टाकीच्या तोंडाशी घैसासांनी डोळा बसवला होता. महादेव संगमेश्वराकडचा, तिशीतला, डोळ्याची देखभाल त्याच्याकडे. दर शनिवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, काच पुसायची, कोरं दाखवायचं, शून्य करायचं. कोऱ्यासाठी आमच्याकडून महिन्याच्या सुरुवातीला शुद्ध पाण्याचा एक कॅन जायचा.

एका शनिवारी घैसास मला घरी सोडणार होते आणि वाटेत त्यांनी पिकअप त्या कारखान्यात घातली. महादेवने बिनदुधाचा सुलेमानी चहा दिला. घैसासांनी तो उजेडात धरला, महादेव गालातल्या गालात हसला. मग जरा घुटमळला.

"साहेब, एक इचारू? ह्या कॅनमधलं वाईच पाणी मारुतीला घेतलं तर चालंल काय? आमी गावाला देवाचे पुजारी. हितं खोलीत पितळेची मूर्ती हाय. टाकीचं पाणी देवावर घालाया हात धजत नाय."

घैसास इतके खूष झाले की मला हसू आलं. "घे की. ज्यात काही नाही तेच पाणी देवाला," ते म्हणाले. "पण डोळ्याच्या वाटणीचं राखून ठेव हां."

"व्हय साहेब."

एवढंच बोलणं झालं. मी दोघांच्या मध्ये उभी होते, म्हणून ठामपणे सांगते. त्यानंतर आम्ही निघालो आणि घैसास वाटभर मारुतीवर बोलत राहिले.

पुढचं सगळं नंतर उलगडलं. शनिवारी महादेवच्या खोलीत मारुतीला आंघोळ घालतात, हे कॅम्पमध्ये पसरलं. शेजारच्या खोल्यांमधली कोकणातली पोरं तीर्थाला येऊ लागली. परमुलखात एकटी पडलेली माणसं, त्यांना तेवढाच आधार. महादेव कोणाला नाही म्हणेना. महिना अर्धा सरायच्या आत कॅन रिकामा व्हायला लागला. जास्त पाणी मागायची त्याला लाज वाटली, कारण देवाचं निमित्त करून फुकट मागतो असं साहेबांना वाटेल. मग त्याने आपल्या परीने सरळ विचार केला. साहेब म्हणतात, ज्यात काही नाही ते पाणी कोरं. टाकीतल्या पाण्यात काही नाही असं डोळाच सांगतो. म्हणजे टाकीचं पाणी कोरंच. तो डोळ्याला टाकीचंच पाणी दाखवून शून्य करू लागला.

त्याच सुमारास औषध सोडणारा पंप हळूहळू कमजोर होत होता. पाण्यात जहर चढत होतं, पण एकदम नाही, थोडं थोडं. डोळा बिचारा गेल्या शनिवारपेक्षा किती वाढलं तेवढंच सांगणार. नवा शनिवार आला की महादेव बटण दाबायचा आणि डोळा आठवडाभराचं जहर विसरून जायचा. पाणी पिवळसर दिसायचं, तर पोरं म्हणायची, टाकी गंजली असेल. त्या उन्हाळ्यात टँकर उशिरा यायला लागले. तहानेने जीव कासावीस झाला की माणसं महादेवला विचारायची, ह्या टाकीचं पाणी कसं आहे रे? महादेव डोळ्याचा आकडा बघून यायचा आणि सांगायचा, चांगलं आहे, प्या.

हातापायांवर फोड आले, उलट्या सुरू झाल्या. कॅम्पवाल्यांनी उन्हावर खापर फोडलं. दत्ता म्हणून एक मुलगा होता, महादेवचा मावसभाऊ. महादेवनेच व्हिसा मिळवून त्याला आणलेला, एकाच खोलीत राहायचे. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली आणि तो इस्पितळात गेला, तो तिथेच वारला.

घैसास बातमी ऐकून कारखान्यात पोचले, ते आपला स्वतःचा कॅन घेऊनच. त्यांनी डोळा बाहेर काढला, पुसला, कोऱ्या पाण्यात धरून शून्य केला आणि परत टाकीत सोडला. आकडा चढत गेला. त्यांनी महादेवला विचारलं, "कोरं कशाचं धरतोस?" महादेवने टाकीकडे बोट दाखवलं. हे मला घैसासांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज एखाद्या परक्या माणसासारखा होता.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. कारखान्याच्या लोकांनी सरळ महादेवचं नाव पुढे केलं. यंत्र त्याच्या ताब्यात, पाणी प्या म्हणून सांगणारा तो. त्याचा पासपोर्ट पोलिसांनी घेतला. मॅथ्यू सरांनी घैसासांना आत बोलावलं. महादेवला नीट शिकवलं होतं आणि त्याने शिकवलेलं पाळलं नाही, असा जबाब द्या, म्हणाले. "इट इज द ट्रुथ, घैसास. ओन्ली द ट्रुथ." ते खरंच होतं. घैसासांच्या जबाबावर सगळं अडलं होतं. तो जबाब दिला की महादेव तुरुंगात जाणार होता.

पण घैसास तुरुंगाचं फारसं बोलेनात. ते म्हणाले, "वहिनी, तो जेवत नाहीये. मीच मारला, मीच मारला, एवढंच म्हणतो. खोलीतली पोरं त्याला एकटं सोडत नाहीत. त्याला तुरुंगात टाका नाहीतर गावाला पाठवा, तो जगायचा नाही." दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुम्ही चला माझ्याबरोबर. त्या शनिवारी तुम्ही होतात. काही बोलू नका, नुसत्या बसा." मी पोळीभाजीचा डबा केला आणि गेले.

महादेव खाटेच्या कडेवर बसला होता. गाल आत गेले होते. दत्ताची खाट रिकामी होती आणि तिच्यावर त्याची बॅग तशीच होती. घैसास त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

"महादेव, तुला आठवतंय ना, मी काय सांगितलं होतं ते?"

"काय साहेब?"

"अरे, मारुतीला पाणी घे म्हणालो, त्याच दिवशी. कॅन संपला तर टाकीचं पाणी घेऊन शून्य कर, काही फरक पडत नाही, असं मी म्हणालो होतो."

महादेवने मान वर केली. "नाय साहेब. तुमी म्हनला, डोळ्याचं राखून ठेव."

"ते आधी. मग पिकअपकडे जाताना म्हणालो. वहिनी होत्या की."

महादेवने माझ्याकडे बघितलं. घैसास माझ्याकडे बघत नव्हते, त्यांची नजर त्याच्यावरच होती. मी मान हलवली, आणि तसं केल्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

"खरंच म्हनला तुमी?"

"तुझ्या डोक्यातून ते आलंच कसं असतं? मी सांगितल्याशिवाय तू कधी काही केलंयस का?"

घैसासांनी घाई केली नाही. ते तेच पुन्हा सांगत राहिले, कुठे उभे होतो, कुठला हात पिकअपवर होता, ऊन कसं होतं. माझ्यासमोर एक माणूस दुसऱ्याच्या डोक्यात आठवण तयार करत होता, आणि हा तो माणूस होता जो आमटीवरसुद्धा विश्वास ठेवत नसे. शेवटी महादेवचा चेहरा हळूहळू आवळला. त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच राग पाहिला.

"मंग आदी का नाय बोलला?" तो म्हणाला.

"भ्यालो," घैसास म्हणाले.

परत येताना गाडीत मी भांडले. बायकोचा विचार केलात का, मुलाचा केलात का, खोटा जबाब देणार का, सगळं बोलले. ते म्हणाले, "पाणी घे म्हणालो ते खरंच आहे ना? कॅन पुरत नसेल हे मला कळायला हवं होतं. मी एकदाही जाऊन विचारलं नाही. मग मी थोडंसं पुढचं सांगतोय, एवढंच." मी म्हटलं, ते थोडंसं नाही. ते म्हणाले, "नाही. पण मला झेपेल. त्याला नाही झेपणार."

त्यांनी तसाच जबाब दिला. कारखान्याला काय, कोणीतरी हवंच होतं, आणि ऑपरेटरपेक्षा बाहेरच्या कंपनीचा माणूस त्यांना केव्हाही सोयीचा. मॅथ्यू सर मान खाली घालून बसले आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घैसासांचा राजीनामा घेतला. महादेवला सोडलं. घैसासांचा पासपोर्ट कोर्टात गेला. पुढे त्यांना शिक्षा झाली, शिक्षा संपल्यावर तिथूनच परस्पर भारतात पाठवलं. मी भेटायला दोनदा अर्ज केला, नातेवाईक नाही म्हणून परवानगी मिळाली नाही. त्यानंतर ते फार वर्षं राहिले नाहीत, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. त्या मुलाच्या बोलण्यात बापाबद्दल एक अढी होती. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण त्याचा विश्वास बसला की नाही ते मला समजलं नाही.

माझ्या डोळ्यांसमोर ते राहिलेत, ते शारजा विमानतळाच्या दारातले. महादेव दत्ताचं शव घेऊन गावाला निघाला होता, शवपेटी विमानतळाच्या मालाच्या विभागात आधीच गेली होती. घैसासांना अजून कोर्टाचं बोलावणं आलेलं नव्हतं, म्हणून ते मोकळे होते. मी येऊ नका म्हटलं तरी आले. मी वाटेसाठी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून आणली होती, ती महादेवच्या हातात दिली. त्याने ती घेतली. घैसासांनी बॅग उचलायला हात पुढे केला, तर त्याने बॅग ओढून घेतली.

"मावशीला काय सांगू मी?" तो म्हणाला. "तिनं माझ्या हातात दिला व्हता त्याला."

"माझं नाव सांग. शरद घैसास म्हणून एक माणूस होता, त्याने चुकीचं शिकवलं. नाव नीट सांग."

"ती तुमाला तळतळाट देईल."

"देऊ दे."

"मीबी देतो," महादेव म्हणाला. तो त्यांच्या बुटांशी थुंकला आणि आत गेला.

मला राहवलं नाही. मी त्याच्यामागे दोन पावलं टाकली, तोंडात आलेलं सगळं सांगून टाकायला. घैसासांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता. "वहिनी, नको," ते म्हणाले. मी रडायला लागले. ते रडत नव्हते, काचेतून आत बघत होते.

आत महादेव एका बाकावर बसला होता. पाठ आमच्याकडे नव्हती, पण त्याने आमच्या बाजूला एकदाही बघितलं नाही. रागाने त्याचा जबडा हलत होता, निदान मला तसं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की त्याने मांडीवर पुडकं सोडलंय.

"खातोय," घैसास म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "वहिनी, खातोय तो."

आणि त्याचं खाऊन होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.